बाप्तिस्म्यानंतरची अडतीस वर्षं

पंडिता रमाबाईंचं नाव काढलं की आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, "फार विद्वान बाई होत्या हो." आणि दुसरं, "पण शेवटी ख्रिश्चन झाल्या." झालं, विषय संपला!

मला त्या 'शेवटी' ह्या शब्दाची फार गंमत वाटते. रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला २९ सप्टेंबर १८८३ रोजी, इंग्लंडमधल्या वाँटेज नावाच्या गावात. तेव्हा त्यांचं वय होतं २५. त्या वारल्या ५ एप्रिल १९२२ ला. म्हणजे हा जो काही 'शेवट' झाला त्यानंतर बाई तब्बल अडतीस वर्षं जगल्या, आणि ज्या कामासाठी त्यांचं नाव घ्यायचं ते जवळजवळ सगळं काम ह्याच अडतीस वर्षांतलं आहे. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर आपण सगळे इन्स्टॉलेशनच्या तारखेवरून भांडतोय, आणि पुढे सिस्टीम चालली कशी ह्याचे लॉग उघडून बघायला कुणी तयार नाही.

तर मंडळी, ह्या वीकेंडला ते लॉग बघू.

पण त्याआधी थोडं मागे जायला हवं, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीची मुळं तिथे आहेत. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे, मोठे पंडित. त्यांनी आधी बायकोला आणि मग मुलीला संस्कृत शिकवलं, म्हणजे त्या काळाच्या हिशेबाने भयंकरच काहीतरी केलं. हे कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरायचं आणि पुराणं सांगून मिळेल त्यावर जगायचं. रमाबाईंना भागवताचे हजारो श्लोक पाठ होते ते असे फिरता फिरता झालेले. मग १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. पैसे संपले, भांडी विकली, आणि तरीही ह्या लोकांनी मजुरी केली नाही की भीक मागितली नाही. का, तर ब्राह्मणाने ते कसं करायचं? देवळांत दानधर्म, व्रतं, अनुष्ठानं मात्र चालू होती. शेवटी जंगलातली पानं खाऊन दिवस काढायची वेळ आली. आई, वडील आणि थोरली बहीण, तिघंही गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. ही दोघं चालत चालत देशभर फिरली.

हे सगळं रमाबाईंनी स्वतः पुढे लिहून ठेवलंय. वाचताना एक गोष्ट जाणवते, की वडिलांबद्दल त्यांच्या मनात राग नाही. उलट प्रचंड आदर आहे. राग आहे तो उपाशी माणसाच्या उपयोगी न पडणाऱ्या धर्मावर. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मधली वर्षं पटकन सांगतो कारण ती बहुतेकांना माहीत असतात. १८७८ मध्ये कलकत्ता, तिथल्या पंडितांनी दिलेल्या 'पंडिता' आणि 'सरस्वती' ह्या पदव्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने, जातीबाहेर लग्न. मुलगी मनोरमा. १८८२ च्या फेब्रुवारीत नवराही पटकीने गेला. तेविसाव्या वर्षी विधवा, मांडीवर तान्ही पोर, माहेर नाही, सासर नाही. मग पुणे, आर्य महिला समाज, हंटर आयोगापुढे साक्ष, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक. त्याच पुस्तकाच्या पैशातून १८८३ मध्ये इंग्लंडची बोट. खरं तर डॉक्टर व्हायचं होतं, पण कानाच्या दुखण्यामुळे ते राहिलं.

आता वाँटेज. तिथल्या सिस्टरांकडे रमाबाई राहत होत्या. बायबल वाचत होत्या, वादही घालत होत्या. (रमाबाईंशी वाद घालणं म्हणजे काय चीज असेल! ज्या बाईने कलकत्त्याच्या पंडितांना गप्प केलं...) पण स्वतःच्या आठवणींत त्यांनी जे लिहिलंय त्यात कोणत्याही वादाने त्यांचं मन फिरल्याचं दिसत नाही. त्यांना सिस्टरांनी लंडनमधल्या फुलहॅम भागात त्यांचं एक आश्रयगृह बघायला पाठवलं. ज्यांना समाज 'पतित' म्हणतो अशा बायकांसाठीचं घर होतं ते. तिथे रमाबाईंनी बघितलं की ह्या सिस्टर त्या बायकांची आजारपणं काढतायत, त्यांच्याशी नीट बोलतायत, आणि त्यातल्या काही जणी आता स्वतःच दुसऱ्यांची सेवा करतायत. आपल्याकडे अशा बाईला गाव दार लावून घेतं, हे रमाबाईंनी देशभर पायी फिरून पाहिलेलं होतं. त्यांनी विचारलं, तुम्ही हे का करता? उत्तरादाखल एका सिस्टरने त्यांना येशू आणि विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली.

म्हणजे क्रम बघा. आधी काम दिसलं, मग त्याचं कारण विचारलं, मग श्रद्धा. मला तर्काने पटवून धर्म बदललेली माणसं फारशी समजत नाहीत, पण हा क्रम समजतो.

बाप्तिस्म्याची बातमी आल्यावर महाराष्ट्रात काय गदारोळ झाला असेल त्याची कल्पना करा. जोतीराव फुल्यांनी मात्र 'सत्सार'मध्ये १८८५ साली रमाबाईंची बाजू घेतली. त्याच सुमारास तिकडे इंग्लंडमध्येही सगळं गोडीगुलाबीचं नव्हतंच. रमाबाईंच्या सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत ह्यांनी तिथे असतानाच आत्महत्या केली. आणि चर्चच्या मोठ्या लोकांशी रमाबाईंचे खटके उडायला लागले. चेल्टनमच्या कॉलेजात त्या शिकत होत्या, शिकवतही होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं का, ह्यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी नकार कळवला. रमाबाईंनी स्वच्छ विचारलं की मी माझ्या देशात पुरुषांसमोर भाषणं केलीत, इथे काय झालं? सिस्टर जेराल्डीन ह्या त्यांच्या धर्ममाता. त्यांच्याशी पत्रांतून सतत भांडण. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत? ब्राह्मणांना संस्कृतचं जे वाटतं तेच तुम्हाला लॅटिनचं वाटतं का? एका पुरोहितशाहीतून मोठ्या कष्टाने सुटले ती दुसरीच्या ताब्यात जायला नाही, असा एकूण सूर. मांस खायचं नाही हेही शेवटपर्यंत टिकवलं. त्यामुळे "इंग्रजांनी फितवलं" हा आरोप ज्याला करायचा असेल त्याने ती पत्रं आधी वाचावीत.

मग अमेरिका. १८८६ च्या ११ मार्चला फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला रमाबाई हजर होत्या. तिथे त्यांनी इंग्रजीत उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर पुस्तक लिहिलं, व्याख्यानं दिली, आणि बॉस्टनच्या मंडळींनी दहा वर्षं विधवांच्या शाळेचा खर्च उचलायचं कबूल केलं. परत येऊन ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ 'शारदा सदन' सुरू. विद्यार्थिनी किती? दोन. त्यातली विधवा विद्यार्थिनी एकच, गोदूबाई जोशी.

ह्या गोदूबाईंचं पुढचं नाव आनंदीबाई कर्वे. हो, त्याच. अण्णा कर्व्यांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला तो ११ मार्च १८९३ ला. (तीन वेळा ११ मार्च! आमच्यातल्या कुणालाही असा पॅटर्न दिसला की झोप लागत नाही.) कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. आज चर्चगेटला उतरून एसएनडीटीत शिकायला जाणाऱ्या मुलींपैकी किती जणींना माहीत असेल की ह्या साखळीची एक कडी चौपाटीवरच्या त्या दोन मुलींच्या शाळेत आहे?

शारदा सदनाची अट अशी होती की तिथे धर्म शिकवायचा नाही. मुलींनी आपापले सोवळ्याचे नियम पाळावेत, देवपूजा करावी, कुणी अडवणार नाही. सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे, भांडारकर अशी माणसं. १८९० मध्ये शाळा पुण्याला गेली. रमाबाई सकाळी स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं ठेवून. काही मुली येऊन बसायला लागल्या. झालं! 'केसरी'ने झोड उठवली, आणि १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनी राजीनामे दिले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

इथे मला दोन्ही बाजू कळतात. पालकांनी विश्वासाने तरुण विधवा मुली ठेवलेल्या, त्यांना भीती वाटणारच. आणि रमाबाईंचं म्हणणं असं की मी कुणाला बोलावत नाही, पण मी ख्रिस्ती आहे हे लपवण्यासाठी दारही लावून घेणार नाही. घरात आई पूजा करते तेव्हा मुलं येऊन बसतातच की. माझं मत विचाराल तर कागदावरची अट रमाबाईंनी मोडली नाही, पण ज्या तटस्थतेची रानड्यांना अपेक्षा होती ती त्यांच्या स्वभावातच नव्हती. जे मानतो ते आणि जे रोज करतो ते वेगळं ठेवायचं, हे त्यांना कधी जमलं नाही. आईवडिलांच्या बाबतीतही नाही, चर्चच्या बाबतीतही नाही.

मग आला १८९६-९७ चा दुष्काळ.

मध्य प्रांतातून बातम्या येत होत्या. रमाबाईंकडे पैसा नव्हता, जागा नव्हती, आणि वीस वर्षांपूर्वी पानं खाऊन दिवस काढल्याची आठवण होती. त्या निघाल्या. सरकारी अन्नछत्रं आणि दुष्काळी कामांच्या छावण्या बघितल्या. तिथे तरुण मुलींचं काय होतं, कोण त्यांना फसवून नेतं, हे सगळं त्यांनी स्पष्ट लिहिलंय. आणि त्या मुली घेऊन परतायला लागल्या. सुमारे तीनशे. एवढ्यात पुण्यात प्लेग. शहरात नवी माणसं ठेवायला मनाई झाली. तेव्हा दौंडच्या अलीकडे, रेल्वेलाईनला लागून केडगावला त्यांनी फळबागेसाठी म्हणून जी जमीन घेऊन ठेवली होती तिथे मुलींना हलवलं. तंबू आणि झोपड्या. त्याच वर्षी पुण्याच्या सरकारी प्लेग इस्पितळातल्या अवस्थेवर, तिथे नेलेल्या आपल्या एका मुलीबद्दल, त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहून सरकारवर टीका केली. ख्रिस्ती सरकार म्हणून सवलत नाही!

केडगावच्या 'मुक्ति'चं रीतसर उद्घाटन २४ सप्टेंबर १८९८ चं. त्यानंतर लगेच छप्पनिया दुष्काळ, तो गुजरातचा. तिथूनही मुली आणल्या. १९०० च्या सुमारास केडगावला जवळपास दोन हजार माणसं होती.

दोन हजार. हा आकडा आपण पटकन वाचून पुढे जातो, म्हणून मी जरा हिशेब मांडून बघितला. माणशी दिवसाला नुसतं अर्धा किलो धान्य धरलं तरी रोज एक टन. वर्षाला ३६५ टन. पिण्याला, स्वयंपाकाला, धुण्याला सगळं मिळून माणशी फक्त वीस लिटर पाणी धरलं तर रोज चाळीस हजार लिटर, म्हणजे आमच्या खारघरच्या सोसायटीत येतो तसे दहा हजार लिटरचे चार टँकर. रोज. केडगाव हा पर्जन्यछायेतला भाग, आणि साल दुष्काळाचं. विहिरी खणल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि त्या खणल्या. त्यात ही माणसं धडधाकट नव्हेत. उपासमारीने खंगलेल्या, आजारी, कित्येक लहान मुली, काही अंध. ह्या सगळ्यांची भाषा एक नाही: हिंदी, गुजराती, मराठी.

हे कुणी चालवलं? थोडे परदेशी मदतनीस होते, मिनी अब्राम्स वगैरे. पण मुख्य म्हणजे त्याच मुलींनी. आधी आलेल्या मुलीने नंतर आलेलीला सांभाळायचं. स्वयंपाक, शेती, गाईगुरं, माग, शिवण, तेलघाणा, धुलाई, आजाऱ्यांची शुश्रूषा, शाळा. अंध मुलींना ब्रेल आणि टोपल्या विणणं. आणि फुलहॅममध्ये पाहिलं होतं तसंच एक घर, 'कृपा सदन', ज्यांना कुठेच थारा नाही अशा बायकांसाठी. बघण्यापासून करण्यापर्यंत पंधरा-सोळा वर्षं गेली, पण डोक्यातून ते गेलं नव्हतं.

आमच्या कंपनीत वर्षातून एकदा 'सीएसआर डे' असतो. बसने नेतात, टी-शर्ट देतात, आम्ही दहा झाडं लावतो आणि पन्नास फोटो काढतो. मी त्याची चेष्टा करत नाहीये (बरं, थोडीशी करतोय). पण केडगावचं वाचताना सारखं वाटतं की सेवा हा शब्द आपण फार स्वस्तात वापरतो. रोज सकाळी एक टन धान्य दळायला काढणं हे वेगळंच प्रकरण आहे.

आता अवघड प्रश्न. ठाण्याला जाणाऱ्या लोकलमध्ये एका मित्राशी ह्याच विषयावर वाद झाला. तो म्हणाला, "उपाशी पोरीला भाकरी द्यायची आणि मग बायबल द्यायचं, ही निवड झाली का?" प्रश्न बरोबर आहे. शारदा सदन निदान नियमाने तटस्थ होतं, मुक्ति उघडपणे ख्रिस्ती होती. आठ वर्षांच्या मुलीला कसलं आलंय स्वातंत्र्य? त्या काळातल्या हिंदू पुढाऱ्यांनाही हे दिसत होतं. लाला लजपतराय आणि आर्य समाजाने ह्याच दुष्काळांत हिंदू अनाथांसाठी मोहीम काढली ती मिशनऱ्यांकडे मुलं जाऊ नयेत म्हणूनच. ते उत्तर मला आवडतं, कारण ते लेख लिहून दिलेलं नाही, जाऊन मुलं आणून दिलेलं आहे.

पण मी मित्राला उलट एवढंच विचारलं, की त्या मुलीच्या जागी बसून तू ह्यातलं काय निवडशील? छावणीतून कुणीतरी पळवून नेणं, की केडगाव? त्यावर तो म्हणाला की हा प्रश्नच अन्यायाचा आहे. तेही खरंय. वाद घणसोलीला थांबला, कारण तो उतरला :-)

१९०५ मध्ये केडगावला एक मोठी 'जागृती' झाली. शेकडो मुली मोठमोठ्याने प्रार्थना करतायत, रडतायत, पश्चात्ताप करतायत. माझ्यासारख्याला हा भाग पचायला जड जातो. संस्कृत तर्कात वाढलेली, बिशपांना उलटे प्रश्न विचारणारी बाई ह्यात कशी रमली? त्यांनी स्वतः लिहिलंय की बाप्तिस्म्याच्या वेळी मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्त मिळायला पुढे बरीच वर्षं लागली. अनेक अभ्यासकांना बंडखोर रमाबाई आवडतात आणि ह्या प्रार्थना करणाऱ्या रमाबाई अडचणीच्या वाटतात. मला वाटतं त्यांना असं कापता येत नाही. ठरलेलं उत्पन्न नाही, आणि उद्या दोन हजार ताटं वाढायची आहेत, अशा बाईसाठी प्रार्थना ही सवड काढून करायची गोष्ट उरतच नाही.

आणि ह्या सगळ्या धबडग्यात त्यांनी आणखी एक काम काढलं, जे मला सर्वांत थक्क करतं. तेव्हा जे मराठी बायबल उपलब्ध होतं त्याची भाषा त्यांना फार संस्कृतप्रचुर वाटायची. आता संस्कृतची भीती रमाबाईंना असायचं काहीच कारण नव्हतं! पण केडगावच्या मुलींना ते कळत नव्हतं. म्हणून पन्नाशीच्या आसपास त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांतून अख्ख्या बायबलचा सोप्या मराठीत अनुवाद करायला बसल्या. एकट्या बाईने संपूर्ण बायबलचा अनुवाद करण्याचं अमेरिकेतल्या ज्युलिया स्मिथचं एक उदाहरण होतं, १८७६ चं. आपल्याकडे असं काही नव्हतंच. छापखाना केडगावचाच. खिळे जुळवायला, छापायला, बांधणी करायला तिथल्याच मुली. दुष्काळात अक्षरओळख नसलेल्या आलेल्या मुलींमधून जुळारी तयार झाले, ह्यापेक्षा मोठं स्त्रीशिक्षण कुठलं?

नवा करार १९१३ मध्ये छापून झाला. जुन्या कराराचं काम चालू राहिलं. १९१९ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिलं. २४ जुलै १९२१ ला मनोरमा वारली. आईचं काम पुढे चालवायची ती तीच होती, ती चाळीस वर्षांची होती. रमाबाईंनी मुलगी गेल्यावर उरलेलं भाषांतर आणि प्रुफं पुरी केली, आणि नऊ महिन्यांच्या आत त्याही गेल्या.

पूर्ण बायबल छापून बाहेर आलं १९२४ मध्ये. ते महाराष्ट्रातल्या चर्चमध्ये फारसं रुळलं नाही, लोक जुन्याच अनुवादाला चिकटून राहिले. केडगावचं मुक्ति मिशन मात्र अजून चालू आहे. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर केडगाव स्टेशन लागतं, सव्वा-दीड तासात.